सुनेला हाकलणारा क्लॅरिनेटवाला

सोलापुरात सात रस्त्याला सिग्नलपाशी मी स्कूटर थांबवून उभा होतो. शेजारच्या रिक्षातून एका वयस्कर बाईनं मान बाहेर काढली, मला खालीवर न्याहाळलं आणि विचारलं, "आणली का सुनेला परत?"

तेव्हा माझ्या मुलाचं लग्नच झालेलं नव्हतं, तर सून कुठली? पण खरं सांगत बसलं की सिग्नल सुटतो, मागचे हॉर्न वाजवतात आणि समाधान कुणाचंच होत नाही, हे मी तोवर शिकलो होतो. म्हणालो, "उद्याच निघतो आणायला." बाई म्हणाल्या, "जावा. लेकरू हाय ते." रिक्षा गेली आणि मीही निघालो.

मी धंद्यानं क्लॅरिनेटवाला. नाव मल्लिनाथ, पण सोलापुरात मला सगळे मल्लूमास्तर म्हणतात. मास्तर म्हणजे शाळेतला नव्हे. बँड पार्टीत जो क्लॅरिनेट वाजवतो त्याला मास्तर म्हणायची आमच्यात पद्धत आहे, कारण गाणं तो धरतो आणि बाकीचे त्याच्या मागं येतात. लोकांना वाटतं फुंकणं अवघड असेल. फुंकणं सवयीनं जमतं. अवघड असतं ते उलटं चालणं. मास्तराला बँडकडं तोंड ठेवावं लागतं, म्हणजे मिरवणूक पुढं निघाली की तो पाठमोरा चालतो. मागं काय आहे ते दिसत नाही. गटार असतं, घोडा असतो, कधी नवरदेवाचा एखादा मित्र रस्त्यावर आडवा होऊन नागीण करत असतो. मी या तिन्हींवर पडलेलो आहे, आणि पडताना सूर सोडलेला नाही.

दुसरी अवघड गोष्ट म्हणजे पत्ती. क्लॅरिनेटच्या तोंडाला वेताची एक पातळ पत्ती बांधलेली असते. खरं बोलते ती पत्तीच, बाकी लाकूड आणि चाव्या हा सगळा तिचा संसार. ती ओली करून लावावी लागते आणि ऐन वेळी चिरते. पत्ती चिरली की मास्तराचं तोंड जसं होतं, तसं घरात कुणी वारल्यावरही होत नसेल. हे मुद्दाम सांगतोय, कारण याच तोंडामुळं मी सिनेमात गेलो.

सोलापूरजवळच्या एका गावात शूटिंग होतं. लग्नाच्या प्रसंगात बँड हवा होता म्हणून आम्ही तांबडे कोट घालून गेलो. दिग्दर्शकाच्या मदतनिसानं आम्हाला ओळीत उभं केलं आणि सांगितलं, "आवाज अजिबात करायचा नाही. नुसतं वाजवल्यासारखं करा." आजवर आमच्याबद्दल लोकांची एकच तक्रार असायची, की जोरात वाजवा. आमचा ढोलवाला रशीदभाई. आम्ही दोघं मिसरूड फुटल्यापासून एकत्र वाजवतो. त्यानं अदबीनं विचारलं की ढोल वाजवल्यासारखा कसा करायचा, काठी पडली की तो वाजतोच. मग त्याला काठी ढोलाच्या वरच थांबवायला शिकवण्यात आलं. दुपारपर्यंत त्याचा खांदा असा भरून आला, की तसा सबंध लग्नसराईत आला नव्हता.

मी बोटं हलवत होतो. मागं लावलेल्या गाण्यात सनई होती. मी मदतनिसाला म्हटलं, हातात क्लॅरिनेट आणि कानाला सनई, लोक हसतील की. तो म्हणाला, लोकांना कळत नाही. पुढं मी बऱ्याच सिनेमांत दिसलो, पण माझ्या फुंकेचा एक सूरही आजवर कुठल्या सिनेमात वाजलेला नाही. याची हळहळ मला आहे आणि ती जाईलसं वाटत नाही.

जेवणाच्या सुट्टीत मी झाडाखाली बसून पत्ती उजेडात धरली, तर ती चिरलेली. मी तिच्याकडं बघत राहिलो. तेवढ्यात दिग्दर्शक हातातली प्लेट घेऊन धावत आला. पुण्याचा तरुण मुलगा होता. म्हणाला, "हलू नका. काय विचार करताय?"

"पत्ती चिरलीय."

"सुनेकडं असंच बघता येईल?"

सिनेमातल्या सासऱ्याचं काम करणारा नट आलाच नव्हता. संध्याकाळपर्यंत माझ्या अंगावर धोतर आणि फेटा होता, आणि मला सून होती.

सासरा उलट्या काळजाचा. सुनेची पेटी अंगणात भिरकावतो आणि ओरडून तिला घराबाहेर काढतो, एवढाच प्रसंग, पण सिनेमा त्याच्यावर उभा होता. सुनेचं काम करणारी मुलगी कोल्हापूरची, वागायला फार गोड. मी पेटी फेकायचो, ओरडायचो, कट झाला की पेटी उचलून आणायचो आणि तिला विचारायचो, लागलं तर नाही ना बाळ? एकदा कट म्हणायच्या आधीच विचारलं. दिग्दर्शकानं डोक्याला हात लावला. मग त्यानंच तोड काढली. माझी ती चिरलेली पत्ती घेतली आणि त्या मुलीच्या डोक्यामागं, चौकटीला चिकटवली. "मास्तर, तिच्याकडं बघूच नका. ह्या पत्तीला हाकला." मी पत्तीला असं हाकललं, की आमचा रशीदभाई घाबरून चहाच्या गाडीमागं गेला.

सिनेमा गावोगाव तुफान चालला. नंतर टीव्हीवर दर थोड्या दिवसांनी दुपारी लागायला लागला, आणि दुपारी घरी कोण असतं? बायका. मंडईत मला किडकी वांगी मिळू लागली. आमच्या बोळातल्या बायका माझ्या बायकोचा, शोभाचा, हात हातात घेऊन विचारायच्या की घरातसुद्धा असंच करतात का. सुरुवातीला तिनं समजावून सांगितलं. नंतर तिला त्यातली सोय कळली. कुणी विचारलं की ती नुसता सुस्कारा सोडायची, आणि संध्याकाळी शेजारून आमटीचं पातेलं यायचं.

अक्कलकोट रोड एमआयडीसीत एका टॉवेलच्या कारखान्यात खंडेनवमीला माझा सत्कार ठेवला होता. यंत्रांची पूजा झाली, मालकांचं भाषण झालं. टॉवेल त्यांनी स्वतः न देता तिथं शिलाई करणाऱ्या सगळ्यात जुन्या बाईंच्या हस्ते द्यायचं ठरवलं. बाई घरी तेलुगू बोलणाऱ्या, पण मराठी खणखणीत. त्यांनी टॉवेल माझ्या हातात दिला आणि दुसरं टोक सोडलंच नाही. माईकमध्ये म्हणाल्या, "टॉवेल देते, पण पोरीला आधी घरात घ्या." मालकांच्या भाषणाला पडल्या नव्हत्या एवढ्या टाळ्या पडल्या. मी घेतो म्हणालो, तेव्हा टोक सुटलं.

इथवर गंमत होती. मग बँडची कामं कमी व्हायला लागली. आधीच डीजेनं आमचं अर्धं काम नेलेलं. त्यात ज्या माणसानं सुनेला घराबाहेर काढलं, त्याच्या मागनं नवी सून कशी आणायची, अशी शंका लोकांना यायला लागली. रशीदभाई मला म्हणाला, "मास्टर, तुम्हारी सूरत ने बँड बजा दिया." तो एवढ्या गंभीरपणे म्हणाला की मला हसताही येईना.

नातेपुते गावातल्या एका लग्नात हे अगदी टोकाला गेलं. आम्हाला मुलाकडच्यांनी बोलावलं होतं. आम्ही मांडवाजवळ कोट चढवत होतो तेव्हा नवरीच्या आजीनं मला पाहिलं. त्यांनी खुर्ची मागवली, मांडवाच्या दारात मधोमध टाकली आणि बसल्या. ह्या माणसाच्या मागनं येणारी मिरवणूक आत यायची नाही, म्हणाल्या. नवरदेव मारुतीच्या देवळापाशी घोड्यावर, ऊन डोक्यावर, मुहूर्त जवळ येत चाललेला. नवरदेवाचे मामा माझ्यापुढं हात जोडायला लागले. मी म्हणालो, मी टेम्पोत बसतो, बाकीचे वाजवतील. पण क्लॅरिनेट नसलं की गाणं कुठलं ते बँडलाच कळत नाही.

तोड रशीदभाईनं काढली. जास्तीचं एक बाशिंग होतं, ते त्यानं माझ्या कपाळाला बांधलं आणि त्याला मोगऱ्याच्या माळा अशा दाट सोडल्या की माझे ओठ आणि क्लॅरिनेट तेवढे बाहेर राहिले. निघालो. पेठेतून जाताना लोक विचारत होते की लग्न नक्की कुणाचं, घोड्यावरच्याचं की उलटं चालतंय त्याचं? मला तर पुढचंही दिसत नव्हतं आणि मागचंही. मांडवाच्या दारात पोचलो तेव्हा नवरीच्या आईनं आरतीचं ताट आधी मलाच ओवाळलं. मी ओवाळून घेतलं, कारण गाणं मध्येच सोडता येत नव्हतं.

आजी खुर्चीवरून उठल्या. वाजवणं त्यांना आवडलं होतं. हा कोण एवढं गोड वाजवतोय म्हणून त्यांनी स्वतःच्या हातानं माळा बाजूला केल्या, आणि मी दिसलो. बँड आपोआप थांबला. आजींनी बराच वेळ माझ्याकडं पाहिलं. मग विचारलं, "ती पोरगी हाकललीस ते खरं का खोटं?"

"खोटं, आजी. नुसतं काम होतं."

"आन हे वाजवलंस ते?"

"हे खरं."

"मग खरं टाकून खोट्याच्या मागं कशाला लागलास रं?"

एवढं बोलून त्यांनी खुर्ची बाजूला घ्यायला सांगितली. लग्न वेळेवर लागलं, जेवण फर्मास होतं. त्यांच्या प्रश्नाला आता एवढंच उत्तर देता येईल, की खऱ्याला कुणी बोलवत नव्हतं आणि खोट्याला गाडी पाठवत होते.

याच सुमाराला आमच्या बसूसाठी मुली बघायला सुरुवात झाली. बसू म्हणजे बसवराज, आमचा एकुलता एक. यंत्रमागांच्या मोटारी दुरुस्त करतो, स्वभावानं सरळ, कसलं व्यसन नाही. स्थळं यायची, पत्रिका जुळायची, आणि सासरा कोण हे कळलं की मुलीला अचानक पुढं शिकायचं असायचं. एका घरी तर चहा पुढं ठेवल्यावर आतल्या खोलीत टीव्हीवर माझाच आवाज सुरू झाला. पेटी आपटल्याचा आवाज आला आणि आम्ही चहा न संपवता उठलो. शोभाचे सुस्कारे आता खरे यायला लागले. त्यातच त्या पुण्याच्या दिग्दर्शकाचा फोन आला. नवा सिनेमा, आधीपेक्षा मोठं काम, पुन्हा सासराच. मी कळवतो म्हणून टाळलं. पोराचं लग्न मोडून सिनेमात मुलाचं लग्न लावायची माझी तयारी नव्हती.

मग अक्कलकोटकडच्या एका खेड्यातून सिद्रामप्पा आले. त्यांचं धान्याचं दुकान आहे. आमच्यासारखंच कन्नड आणि मराठी दोन्ही बोलणारं घर. ते म्हणाले, मुलगा नंतर बघू, आधी घर बघायचंय. सोबत मुलगी अश्विनी आणि तिची मोठी बहीण सविता. सविताचं लग्न झालेलं होतं, पण ती माहेरीच असायची, एवढंच आम्हाला कळलं होतं.

सिद्रामप्पा ताठ बसले होते. मला कुणीतरी खुर्चीवर नाही, आरोपीच्या पिंजऱ्यात बसवलंय असं वाटत होतं. त्यांनी पाणी मागितलं. मी लगबगीनं फळीवरचा भरलेला पेला दिला. ते प्यायले, थबकले, तोंडात बोट घालून काहीतरी बाहेर काढलं आणि उजेडात धरलं. मी भिजत घातलेली पत्ती होती ती.

शोभा स्वयंपाकघरातून पाहत होती. तिनं मला आत बोलावलं आणि दार लोटलं, पण आमचं दार नीट लागत नाही. "बुद्धी ऐतेनु निमगं?" म्हणजे अक्कल आहे का तुम्हाला, इथून जे सुरू झालं ते माझ्या बुद्धीपासून माझ्या आईच्या लाडांपर्यंत, सोप्यात पडलेल्या बुटांपासून परवा उतू घालवलेल्या दुधापर्यंत सगळं कन्नडमध्ये, स्वच्छ आणि सविस्तर. बाहेरच्या तिघांना शब्द न् शब्द कळत होता. मी "होय", "चुकलं", "पुसतो" एवढंच म्हणत होतो. चहाचा ट्रे घेऊन मी बाहेर आलो, तेव्हा सिद्रामप्पांचे खांदे हलत होते. ते तोंडावर उपरणं धरून हसत होते. नंतर त्यांनी आम्हाला सांगितलं, की चार ठिकाणी चौकशी करून जे कळलं नसतं, ते त्या दाराआडून कळलं.

पण सविता हसली नव्हती. चहा झाल्यावर ती माझ्याकडं वळून म्हणाली, "मामा, तुमचा पिक्चर मी बघितलाय. असं कोण करत न्हाय."

मला हायसं वाटलं. म्हणालो, तेच तर मी सगळ्यांना सांगतो, सिनेमा आहे तो.

"तसं न्हाय. हाकलतात की. पण वरडून न्हाय." ती शांतपणे बोलत होती, जसं दुकानात भाव सांगावा तसं. "माझे सासरे कदी आवाज चढवून बोलले न्हाईत. मला सोडायला सोता स्टँडवर आले. खिडकीची जागा बघून दिली. म्हणाले, चार दिवस आईकडं आराम कर, आमी न्यायला येतो."

"मग?" शोभानं विचारलं.

"मी चार दिवसांचीच कापडं आणली होती."

सिद्रामप्पा जमिनीकडं बघत होते. आपल्या लेकीची पेटी कुणी फेकली नव्हती, त्यामुळं तक्रार तरी काय करायची, असं त्या माणसानं इतकी वर्षं स्वतःला समजावलं असणार.

बसू आणि अश्विनीचं जमलं. लग्नात मी वाजवलं, बाशिंगाशिवाय. लग्न झाल्यावर मी सविताला विचारलं, मला पुन्हा सासऱ्याचं काम आलंय, तू सांगितलंस तसं केलं तर चालेल का? तिनं विचार करायला वेळ घेतला. दोन दिवसांनी फोन करून म्हणाली, करा, पण त्यांना वाईट दाखवू नका, जसे आहेत तसे दाखवा.

दिग्दर्शकाला हे पटेना. त्याच्या मते लोक माझं ओरडणं ऐकायला येणार. मी म्हणालो, ओरडायचं असेल तर दुसरा सासरा बघा. माझ्या तोंडून असं वाक्य प्रथमच निघालं होतं. त्यानं कुरकुरतच एका तालुक्याच्या स्टँडवर शूटिंग ठरवलं.

सुनेला एसटीत बसवून मी खिडकीशी उभा राहिलो आणि गोड बोललो. पहिल्यांदा एक खरी प्रवासी बाई गाडीत चढून बसली, तिला उतरवावं लागलं. दुसऱ्यांदा मी बोलत असताना बघ्यांमधली एक बाई आपल्या नवऱ्याला कोपरानं ढोसून मोठ्यानं म्हणाली, "बघा जरा. सासरा असावा तर असा." दिग्दर्शक चिडून कट म्हणाला. मग माझ्याकडं बघितलं आणि पुढं त्यानं ओरडायचा हट्ट धरला नाही.

सिनेमा सोलापुरात लागला तेव्हा आम्ही सगळे मॅटिनीला गेलो. स्टँडच्या प्रसंगाला मागून कुणीतरी म्हणालं, "सासरा चांगला हाय की." पुढं सिनेमात ती मुलगी माहेरी वाट बघते. कुणी येत नाही, निरोप येत नाही. एकाही माणसानं मला शिवी दिली नाही. खेळ सुटल्यावर जिन्यावर लोकांनी मला ओळखलं, पण कुणी जवळ आलं नाही. मला रस्ता देऊन बाजूला झाले. इतकी वर्षं शिव्या खाल्ल्या, त्या बऱ्या होत्या असं त्या जिन्यावर मला वाटलं.

सविताकडं बघायचा मला धीर होत नव्हता. बाहेर उन्हात आल्यावर तीच माझ्याजवळ आली. "मामा, उद्याची दोन तिकिटं काढता का? सासऱ्यांना द्यायचीत. ते एकटे कुटं जात न्हाईत, सासूबाई लागतात संगं."

मी खिडकीवर गेलो. आतल्या माणसानं मला ओळखून विचारलं, काय मास्तर, स्वतःचाच पिक्चर परत बघणार? मी म्हणालो, पाहुण्यांना बघायचाय.

बसू म्हणाला, मी नेऊन देतो. अश्विनी बहिणीला म्हणाली, मी येते तुझ्याबरोबर. सवितानं दोघांना नको म्हटलं आणि तिथूनच एकटी स्टँडकडं गेली. सासरच्या गावाला ती तेव्हापासून प्रथमच जात होती. तिकिटं दारातच त्यांच्या हातात दिली आणि मी त्याच गाडीनं परत फिरले, एवढंच तिनं आल्यावर सांगितलं.

दुसऱ्या दिवशी मला राहवेना. मी रशीदभाईला त्यांच्या मागच्या रांगेत बसवलं. खेळ सुटल्यावर त्याचा फोन आला. "दोनों आए थे. इंटरवल में बुड्ढा उठ के चला गया. बुड्ढी बैठी रही, आखिर तक."

मी हे सविताला सांगितलं. ती म्हणाली, "सासूबाई कदी कुटलाच पिक्चर पुरा बघत न्हाईत. झोपल्या असतील."

मी पुन्हा रशीदभाईला फोन लावला आणि विचारलं.

"सोई नै, मास्टर," तो म्हणाला. "पूरा देखी."